नावाचा सातबारा



सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याचा भाव विचारणारी आमची पोरे हल्ली मोबाईलवर भलत्याच मालाचा भाव बघू लागली आहेत. हा माल म्हणजे इंटरनेटवरची नावे. ‘‘काका, तीन-चार अक्षरांचे नाव आज घेऊन ठेवले तर उद्या लाखाला जाते म्हणतात, खरे का?’’ असा प्रश्न मला दोन महिन्यांत तिघा-चौघांनी केला. त्यातील एक जण ठेकेदाराकडे कामाला आहे आणि दिवाळीच्या बोनसमधून चाळीस नावे घ्यायला निघाला होता. म्हणून आज हा विषय.

वेबसाईटचा जो पत्ता आपण टाईप करतो, शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ असलेला, त्याला डोमेन म्हणतात. एक पत्ता साऱ्या जगात एकाच वेळी एकाच्याच नावे असतो. म्हणून त्याला भाव येतो आणि जितके नाव आखूड तितका भाव जास्त. आखूड नावे मुळात किती आहेत, हे शाळेतल्या गणिताने काढता येते. इंग्रजी अक्षरे २६. दोन अक्षरांची नावे झाली ६७६, तीन अक्षरांची १७,५७६ आणि चार अक्षरांची ४,५६,९७६. ‘डॉट कॉम’मधली ही सगळी कधीच गेली. एखादे सुटले तरी ते पकडायला व्यापाऱ्यांची यंत्रे रात्रंदिवस टपलेली असतात. आज नव्याने येणाऱ्याला एक तर जुन्या मालकाकडून भारी किमतीला घ्यावे लागते, नाही तर कोणी न घेतलेला गाळ उचलावा लागतो.

पेपरात येतात त्या मोठ्या बातम्या. २०१९ साली ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव ३ कोटी डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दोनशे कोटींहून अधिक रुपयांना गेले. खोटे नाही. पण विकणारी एक मोठी अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनी होती, बोनसवाला कामगार नव्हता.

आता खरी गोम. प्लॉट घेतला की सातबारा आपल्या नावे होतो आणि तो पडून राहिला तरी आपलाच राहतो. डोमेन तसे नाही. ते विकत मिळतच नाही, भाड्याने मिळते. एका वेळी फार तर दहा वर्षांचे भाडे भरता येते. पहिल्या वर्षी शे-दोनशेची जाहिरात दिसते, दुसऱ्या वर्षी हजार-बाराशे मागतात. चाळीस नावे, प्रत्येकी १,२०० रुपये, म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये. पाच वर्षांत २,४०,०००. त्यातले एखादे पन्नास हजाराला गेले तरी १,९०,००० चा खड्डा राहिलाच. बी.कॉम.ला आम्हाला ज्याला बुडीत खर्च म्हणायला शिकवले, तो हाच. नोंदणी करणाऱ्या कंपनीला मात्र दरसाल पैसे मिळतात, तुमचे नाव विको वा न विको.

२०१५ च्या अखेरीस चीनमधल्या खरेदीदारांनी चार अक्षरी नावांवर उडी घेतली. त्यांच्या शब्दांच्या आद्याक्षरांत इंग्रजी स्वर आणि ‘व्ही’ फारसे येत नाहीत, म्हणून ती अक्षरे नसलेल्या नावांना सोन्याचा भाव आला. २०१६ मध्ये तो घसरला. कांद्यात हे आपण दरवर्षी पाहतो, पण कांदा निदान घरी खाता तरी येतो.

दुसऱ्याच्या नावाशी खेळ तर नकोच. ‘रेडिफ’ला मिळतेजुळते ‘रॅडिफ’ नाव घेणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ सालीच मनाई केली. २००४ साली ‘सिफी’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण आहे. मोठ्या कंपनीचे नाव आधी अडवून मग पैसे मागू, ही हुशारी वकिलाच्या फीमध्ये जाते.

आणखी एक सापळा. नाव घेतले की ई-मेल येतो : तुमचे नाव आम्ही हजारो डॉलरला घेतो, फक्त आधी मूल्यांकनाचा दाखला काढा. दाखल्याचे पैसे भरले की गिऱ्हाईक गायब. विकायच्या आधी विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा खरेदीदार तुम्ही कुठल्या बाजारात पाहिला?

मग नाव घ्यायचेच नाही का? घ्यावे, पण वापरायला. शिवणकाम, मंडप, बँड, द्राक्षे, मसाले, ज्याचा जो धंदा त्याने आपल्या धंद्याचे एक नाव घ्यावे. ‘डॉट भारत’ हा पत्ता २०१४ पासून देवनागरीतही मिळतो.

संस्थांनी तर फार जपावे. आमच्या माहितीतल्या एका मंडळाची वेबसाईट एका हौशी मुलाने स्वतःच्या नावे, स्वतःच्या मेलवर काढून दिली. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, जुना मेल बंद पडला आणि भाडे भरण्याच्या सूचना तिथेच पडून राहिल्या. मुदत संपल्यावरही काही दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येते, पण कोणाला पत्ताच नव्हता. आज त्या नावावर जुगाराच्या जाहिराती दिसतात आणि मंडळाच्या जुन्या पत्रिकांवर तोच पत्ता छापलेला आहे. तेव्हा नोंदणी संस्थेच्या नावे हवी, मेल संस्थेचा हवा, अध्यक्ष आणि खजिनदार दोघांनाही तो उघडता यावा. पावती हिशेबाच्या फाईलला लावावी आणि मुदतीची तारीख वार्षिक सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी.