संगणकाची पेटी आणि खारा वारा



गुहागर तालुक्यातील आपल्या वाड्यांमधून हल्ली एक नवा प्रश्न कानी येतो. मुलाला गेम खेळता येईल असा ताकदीचा संगणक हवा असतो, आणि तोही अॅल्युमिनियमच्या 'मिड-टॉवर' कॅबिनेटमध्ये. मुंबईत नोकरी करणाऱ्या वडिलांचा बोनस आणि आईची बचत गटातील पुंजी यांतून तो यायचा असतो. मग घरात वाद होतो : नुसत्या पेटीला एवढे पैसे कशाला?

हा प्रश्न हट्ट म्हणून झटकू नये, असे आम्हांस वाटते. ज्या संगणकावर गेम चालतो त्यावरच इमारतींचे नकाशे, चित्रफितींचे संकलन, शिष्यवृत्तीचे अर्जही होतात. आणि छपराचे खिळे व खिडकीचे गज खारा वारा कसा खातो, हे गुहागरकरांना आम्ही काय सांगावे?

बाजारातील बहुतेक कॅबिनेट पोलादी पत्र्याची, वरून रंग दिलेली असतात. रंगाला ओरखडा गेला की तेथून गंज धरतो. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो व तोच त्याला राखतो. वजनही पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पण मीठ त्यालाही सोडत नाही. पोलादी स्क्रू जेथे अॅल्युमिनियमला टेकतो तेथे खारट ओल साचली, तर अॅल्युमिनियमच झिजते. धातू मऊ असल्याने स्क्रू जोरात पिळला तर आटेही जातात.

अॅल्युमिनियमच्या पेटीमुळे संगणक थंड राहतो, हा समज मात्र सोडून द्यावा. आतली उष्णता बाहेर नेतो तो वारा. म्हणून पुढची बाजू जाळीची हवी, पुढून हवा आत घेणारे व मागून बाहेर टाकणारे १२० मिलिमीटरचे पंखे हवेत आणि धूळ अडवणारी गाळणी काढून धुता येईल अशी हवी. पुढे नुसती काच असलेली दिखाऊ पेटी आपल्या दमट हवेत कामाची नाही.

चिपळूणला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला खरेदीस जाल तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा. तो चिकटला तर पत्रा पोलादी. आतला सांगाडाही तपासा. कित्येकदा दर्शनी भाग तेवढा अॅल्युमिनियमचा असतो. १९९५ साली आलेले 'एटीएक्स' बोर्डाचे ३०५ बाय २४४ मिलिमीटर हे माप आजही चालते. म्हणजे आतले भाग बदलले तरी चांगली पेटी पुढेही उपयोगी पडते. ग्राफिक्स कार्डाची लांबी मात्र आधी जुळवून पाहा.

आमचा सल्ला सरळ आहे. पहिला पैसा चांगल्या वीजपुरवठा-पेटीला, म्हणजे एसएमपीएसला, आणि घरातील पक्क्या अर्थिंगला. पेटी कोणत्याही धातूची असो, अर्थिंग नसेल तर शॉकचा धोका आहेच. मग हवा खेळणारी, जाड पत्र्याची व चांगल्या रंगाची पोलादी पेटी घ्यावी. एवढे करून पैसे उरले, तरच अॅल्युमिनियमचा विचार करावा. त्यासाठी कर्ज मुळीच काढू नये. संगणक समुद्राकडच्या खिडकीपासून दूर, जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावा. पावसाळ्यात विजा चमकू लागण्यापूर्वीच प्लग काढावा.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना हक्काची जागा मिळावी म्हणून. ज्ञानाचे साधन घरात आणायचे, तर त्याचा निवाराही विचारपूर्वक निवडला पाहिजे. आणि एक विसरू नका : पेटी भावाच्या पसंतीची असली, तरी संगणकासमोरच्या खुर्चीवर बहिणीचाही तेवढाच हक्क आहे. घरात दोघांच्या वेळा आधी ठरवा, मगच बाजाराची वाट धरा.

जयभीम!