कळलावी लावा, पण जंगलातून उपटून नको

पाऊस लागला की रविवारी आपल्या बाइक कोक्याच्या रस्त्याला लागतात. झुडपात कुठेतरी लाल-पिवळी ज्वाळा पेटावी तसं एक फूल दिसतं. गाडी थांबते, फोटो होतो, स्टोरी पडते. इथवर ठीक. मग कुणीतरी म्हणतं, "उपटून नेऊ ना बे, सांदवाडीत लावू." माझं भांडण इथून सुरू होतं.

भांडण हा शब्द या फुलाला शोभतोच म्हणा. हिचं नावच कळलावी. घरात आणली की कळ लावते, असं जुनी माणसं सांगतात. अंधश्रद्धाच ती, पण मला वाटतं त्या भीतीनंच या वेलीचा जीव बराच वाचवला. आता भीती गेली आणि कौतुक आलं. औषधासाठी कंद खणणारे आधीच आहेत, त्यात आपली भर कशाला?

उपटलेली कळलावी बहुतेक वेळा जगत नाही, त्याचं कारण मातीखाली आहे. तिचा कंद दोन फाट्यांचा, नांगरासारखा. संस्कृतात तिला 'लांगली' म्हणतात ते यावरूनच. नवा कोंब फुटतो फाट्याच्या टोकाशी आणि ते टोक ठिसूळ. ओढताना तुटलं की हातात उरतो नुसता गोळा. शिवाय कोका २०१३ पासून अभयारण्य आहे. तिथून परवानगीशिवाय कंद आणणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

मग लावायचीच नाही का? लावा की! तमिळनाडूचं हे राज्यफूल. तिथले शेतकरी बियांसाठी तिचं पीक घेतात, कारण त्यातल्या कोल्चिसिनपासून गाऊटवरचं औषध बनतं. बॉटनीवाल्यांना हे नाव गुणसूत्रं दुप्पट करण्याच्या प्रयोगातून माहीत असेल. म्हणजे लागवडीतलं बी मिळू शकतं. ऑनलाइन कंद मागवत असाल तर तो शेतातला की जंगलातला, हे आधी विचारा. गोलमाल उत्तर आलं तर सोडून द्या.

जागा कुठली? आंब्याखालची, जिथं जास्वंदही रुसते ती. कळलावीला पाय सावलीत आणि डोकं उजेडात हवं. तिच्या पानांची टोकंच दोऱ्यासारखी वळतात आणि कुंपण पकडून वर चढतात. पाणी साचलं तर कंद कुजतो, म्हणून मातीत वाळू मिसळा. बी उगवायलाच महिने लागतात आणि फुलाला तीन-चार वर्षं. फर्स्ट इयरला पेरलं तर डिग्री हातात येईपर्यंत फूल दिसेल. इन्स्टाच्या वेगानं जगणाऱ्याला हे जड जाईल, पण उपटून आणलेल्या वेलीत ही मजा नाही.

एक मात्र गंमत नाही. ही वेल मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. कंद रताळ्यासारखा दिसतो आणि तसा समजून खाल्ल्यानं माणसं मेली आहेत. घरात लहान मूल, शेळी किंवा कुत्रं असेल तर विचार करूनच लावा. कंद हाताळल्यावर हात धुवा.

दिवाळीनंतर वेल वाळून जाईल. ती मेलेली नसते, कंद झोपलेला असतो. पाणी बंद करा, जूनपर्यंत उकरू नका आणि आईला सांगून ठेवा, ती कुंडी रिकामी नाही म्हणून. नाहीतर तिथं कोथिंबीर उगवलेली दिसेल.