कायद्याला ठिगळ



“गुरुजी, कायदा बदलतात म्हणजे पुस्तकात खोडरबर फिरवतात का?” असं एका चौथीतल्या मुलीनं विचारलं. प्रश्न फक्कड आहे, म्हणून या आठवड्यात तोच घेऊ.

खोडरबर नाही, पण काम थोडंफार तसंच. संसद किंवा विधिमंडळ एक नवा कायदा करतं. त्यात लिहिलेलं असतं : अमुक कायद्याच्या तमुक कलमातले हे शब्द काढा, त्या जागी हे घाला, पुढे हे नवं कलम जोडा. याला म्हणतात दुरुस्ती कायदा. वाचायला भलताच रुक्ष! जुना कायदा शेजारी उघडून ठेवल्याशिवाय ओ की ठो कळत नाही. कधीकधी तर असा एकच कायदा एकदम कितीतरी कायद्यांना हात घालतो.

आपल्या भोर-वेल्ह्याच्या मुलखानं असा एक झटका अनुभवलेला आहे. भोर हे पंतसचिवांचं संस्थान. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे त्याचे तालुके. (प्रचंडगड म्हणजे आपला तोरणा, बरं का!) ८ मार्च १९४८ रोजी हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आता संस्थानाचे कायदे वेगळे, प्रांताचे वेगळे. एकेक कायदा स्वतंत्रपणे इथे आणायचा तर किती वर्षं लागली असती! म्हणून १९५० साली विलीन संस्थानांसाठी एक कायदा झाला आणि त्याला जोडलेल्या यादीतले मुंबईचे कायदे इथेही लागू झाले.

दुसरं उदाहरण मुलींनी नीट वाचावं. मुलग्यांनीही वाचावं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर भयंकर अत्याचार झाला. देश हादरला. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३ साली संसदेने एक दुरुस्ती कायदा केला. त्याने भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता, पुरावा कायदा आणि बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा पॉक्सो कायदा, हे चारही एकदम बदलले.

एकदम का? एक कायदा गुन्हा कोणता ते सांगतो, दुसरा तक्रार कशी घ्यायची ते, तिसरा साक्ष कशी घ्यायची ते. मुलगी नको म्हणत असताना तिच्या मागे मागे जाणं, तिच्याशी बोलायचा प्रयत्न करत राहणं हा तेव्हापासून स्वतंत्र गुन्हा ठरला. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. अशी तक्रार महिला पोलिसाने लिहून घ्यावी, असंही ठरलं. बोलता न येणारी व्यक्ती खुणांनी किंवा लिहून साक्ष देत असेल, तर दुभाषा द्यावा आणि त्याचं चित्रीकरण करावं, हेही आलं. गुन्हा लिहिला पण तक्रारीची वाट केलीच नाही, तर काय उपयोग? १ जुलै २०२४ पासून दंड, प्रक्रिया आणि पुरावा हे तिन्ही जुने कायदे जाऊन नवे आले, पण या तरतुदी त्यांत आहेत.

वाटेवर कुणी पोरगा त्रास देतो म्हणून पोरीची शाळाच बंद करणाऱ्या आईवडिलांना मला एवढंच विचारायचं आहे : गुन्हा त्याचा, मग घरात ती का? आणि मुलांनो, घरी सांगायचा धीर होत नसेल तर १०९८ हा क्रमांक फिरवा. पैसे पडत नाहीत.

पण एका गाठोड्यात बांधलेलं सगळं असंच एकमेकांना लागून असतं असं नाही. २०२३ च्या ‘जन विश्वास’ कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलल्या. चहा, टपाल, रेल्वे, औषधं, जंगल... सगळं एकत्र! संसदेच्या संयुक्त समितीने ते आधी तपासलं, हे बरं झालं. तरी शेवटचं मत संपूर्ण गाठोड्यावर एकच पडतं. चहाला हो आणि औषधाला नको, असं तेव्हा म्हणता येत नाही.

यातच १९२७ च्या केंद्रीय वन कायद्यातली एक दुरुस्ती होती. राखीव वनात गुरं शिरली किंवा चारली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. ती काढून पाचशे रुपयांपर्यंत दंड ठेवला, नुकसानभरपाई वेगळी. डोंगराकडेला गुरं वळणाऱ्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट! पण कायद्याच्या नावात ना ‘वन’, ना ‘गुरं’. ती ओळ सापडते मागे जोडलेल्या परिशिष्टात, चहा-टपालाच्या गर्दीत.