स्वस्ताई कुणाच्या खिशातून?

मंडळी, सध्या आपल्या नातेवाइकांत फोनवर दुसरा विषय नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावले. त्याच महिन्यात तिथल्या एका सिनेटरने परदेशात कामे देणाऱ्या कंपन्यांवर २५ टक्के कर लावावा असे विधेयक मांडले. त्याआधी जुलैत टीसीएसने बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले होते. आपली मुले हिंजवडीत आहेत, न्यू जर्सीत आहेत. त्यांची काळजी मलाही आहेच.

पण या सगळ्या बोलण्यात एक वाक्य फार वेळा ऐकू येते आणि त्यावरच मला आज लिहायचे आहे. वाक्य असे : "आउटसोर्सिंगने सगळ्यांचाच फायदा होतो. काम स्वस्तात होते, वस्तू स्वस्त मिळते, गिऱ्हाईक खूश. अमेरिकनांना एवढे साधे अर्थशास्त्र कळत नाही!"

हे अर्थशास्त्र साधे आहे खरे, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे आपण मुद्दाम वाचत नाही, कारण आजवर आपण फायद्याच्या बाजूला होतो.

आधी जे मान्य करायचे ते मान्य करतो. फेब्रुवारी २००४ मध्ये बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅन्क्यू म्हणाले होते की, कामे परदेशी जाणे हे लांबच्या हिशेबात अमेरिकेच्या फायद्याचेच ठरेल. त्यावर तिथे केवढा गदारोळ झाला होता! पण ते अगदीच चूक बोलले नव्हते. वस्तू स्वस्त झाल्या. आमच्या रानशेतसारख्या गावात आज पाड्यापाड्यावर मोबाइल आहे, पोरांच्या पायात बूट आहेत, पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकचा कागद आहे. यातले बरेचसे कुठेतरी दूर, कमी मजुरीत तयार झाले म्हणूनच इथल्या माणसाला परवडले. स्वस्त वस्तूला नाक मुरडणे हे पोट भरलेल्याचे चोचले आहेत. मी ते करणार नाही.

आता उरलेले अर्धे.

शाळेत आपण नफा-तोट्याची गणिते सोडवतो. खरेदी किंमत, विक्री किंमत, वजाबाकी केली की नफा. त्या गणितात मजूर कधीच येत नाही. तो खरेदी किमतीच्या पोटात दडलेला असतो. खरेदी किंमत कमी झाली की विद्यार्थी खूश होतो, कारण उत्तर मोठे येते. ती कमी का झाली, हे गणित विचारत नाही. आपण मोठे झालो तरी तेच गणित सोडवत बसलो आहोत.

मुंबईच्या गिरण्या आठवा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. संपाच्या काळात बाजारातून कापड नाहीसे झाले का? नाही. मालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतले, त्यावर गिरणीचा शिक्का मारला आणि गिरणीच्या नावाने विकले. संपाच्या आधीपासूनच हे चालू होते, संपात ते वाढले. आउटसोर्सिंग हा शब्द तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हता, पण गोष्ट तीच होती. भिवंडीला समुद्र ओलांडून जावे लागत नाही, चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. पण त्या रस्त्यावर भविष्य निर्वाह निधी गळून पडला, बोनस गळून पडला, आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. विणणारा माणूस तोच, सूत तेच, शिक्काही तोच. कमी झाली ती फक्त मजुरी. आणि शिक्का गिरणीचा असल्यावर मधला फरक गिऱ्हाइकाच्या खिशात गेला असेल, असे ज्याला वाटते त्याने व्यापार पाहिलेलाच नाही.

म्हणजे पहिली गोष्ट ही की, काम बाहेर दिल्याने जी बचत होते ती आपोआप गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. चुरस असेल तर थोडी पोचते. चुरस संपली की तेवढीही पोचत नाही.

याचे उदाहरण पिंपरीला आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा भारत सरकारचा पहिला औषध कारखाना. १९५४ साली कंपनी स्थापन झाली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. हजारो घरे त्यावर चालली. पुढे चीनमधून फार कमी भावात पेनिसिलीनचा कच्चा माल येऊ लागला. आपल्याकडच्या औषध कंपन्यांनी हिशेब केला, बाहेरचा माल घेतला. देशातले पेनिसिलीन जीचे उत्पादन बंद पडत गेले. पिंपरीच्या कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले. शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागवण्यासाठी कारखान्याची जादा जमीन विकायला मंजुरी दिली.

तुम्ही म्हणाल, औषध तर स्वस्त झाले ना? मग २०२० साल आठवा. चीनमध्ये करोना आला, कारखाने थांबले आणि साध्या पॅरासिटामॉलच्या कच्च्या मालाचा भाव इथे भडकला. ३ मार्च २०२० ला सरकारला २६ औषधे आणि औषधी द्रव्यांच्या निर्यातीवर बंधने घालावी लागली. त्याच वर्षी कच्च्या औषधांचे उत्पादन पुन्हा देशात सुरू व्हावे म्हणून ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलीन जीचा नवा कारखाना सुरू झाला. म्हणजे जी विद्या पिंपरीत १९५५ मध्ये होती, ती परत आणायला आपण करातून पैसे मोजतो आहोत. हा खर्च त्या स्वस्त गोळीच्या किमतीत कोणी धरला होता का?

दुसरी गोष्ट मजुरीची. "एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याला मिळाली, जगात एकूण बरोबरच झाले," असे म्हणतात. अमेरिकेत डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. चिनी मालाच्या स्पर्धेमुळे १९९९ ते २०११ या काळात तिथे वीस लाखांहून अधिक रोजगार गेले, असा त्यांच्यापैकी काहींचा अंदाज आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या गावांतले कारखाने बंद पडले, तिथली मजुरी दहा-दहा वर्षे सावरली नाही. दुकानात खेळणी स्वस्त झाली होती, पण घरभाडे, दवाखाना आणि मुलांचे शिक्षण काही चीनमधून येत नाही. खेळण्यात वाचलेले चार पैसे आणि पगारात गेलेले चाळीस, यांची वजाबाकी त्या माणसाला दररोज करावी लागली. गिऱ्हाईक आणि कामगार ही दोन वेगळी माणसे नसतात हो! सकाळी जो कामावर जातो तोच संध्याकाळी दुकानात जातो.

आणि ज्याला काम मिळाले, त्याचे तरी काय? इथे मी आपल्याच मुलांचे सांगतो. मोठ्या आयटी कंपन्या नव्याने पास झालेल्या इंजिनिअरला पंधरा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत होत्या. आज साडेतीनच्या आसपास देतात. या काळात पुण्यातले घरभाडे कुठून कुठे गेले ते तुम्हीच मला सांगा. असे का होते? कारण तो पगार मुलाच्या हुशारीवर ठरत नाही. "यापेक्षा कमी कोण घेईल?" या प्रश्नावर ठरतो. ज्या प्रश्नाने काम आपल्याकडे आले, तोच प्रश्न आता फिलिपिन्सला, व्हिएतनामला आणि यंत्राला विचारला जातो आहे. कमी दरात मिळालेले काम त्याहून कमी दराकडे जाणारच. त्यात अमेरिकेने फसवले असे म्हणण्यासारखे काही नाही.

म्हणून आपल्या घरातल्या तरुण मंडळींना मला स्पष्ट विचारायचे आहे. गिरण्या बुडाल्या तेव्हा तुमच्या आई-वडिलांनी "कामगारांनी फार ताणले" म्हणून हात झटकले. आमच्या भागातली मुले बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला जातात. एकाच शेडमध्ये, एकाच कामावर कायम कामगार आणि ठेक्यावरचा कामगार उभे असतात आणि पगारात मोठा फरक असतो. ते तुम्हाला सांगितले तर तुम्ही म्हणता, "मार्केट रेट आहे." मग ओहायोतल्या माणसाने तुमच्या नोकरीबद्दल तेच म्हटले तर तो अन्याय कसा? नियम एकच ठेवा. एक तर बाजारभाव सगळ्यांना, नाही तर माणुसकी सगळ्यांना.

यावर उपाय म्हणून सगळे दरवाजे बंद करा, असे मी म्हणत नाही. कर लावून काम घरी परतेलच असेही नाही, वस्तू मात्र नक्की महागते. उपाय दुसरा आहे, आणि तो शोधायला डहाणू-तळासरीच्या बाहेर जावे लागत नाही.

२३ मे १९४५ ला झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली. वेठबिगार आणि लग्नगडी या चाली बंद करा आणि शेतीकामाला दिवसाला बारा आणे मजुरी द्या, अशी मागणी पुढे आली. मग गवताच्या हंगामात मागणी झाली : पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. इथले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. आजचे शहाणे तेव्हा असते तर म्हणाले असते, "गवत महागले की मुंबईचे दूध महागेल, गिऱ्हाइकाचे नुकसान होईल." खरेच आहे! मुंबईचे ते स्वस्त दूध वारल्याच्या उपाशी पोटावर उभे होते. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तरी संप मोडला नाही. पुढच्या वर्षी जंगलकामासाठी दिवसाला सव्वा रुपया ही मागणीही ठेकेदारांना मान्य करावी लागली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा काळ आहे, ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

ते का जिंकले? कारण एका पाड्यावरचा माणूस नाही म्हणाला, तर शेजारच्या पाड्यावरून त्याहून स्वस्त माणूस मिळण्याची सोय उरली नव्हती. सगळ्यांनी मिळून एक पातळी ठरवली आणि त्याखाली कोणी उतरले नाही. सावकाराने काम कुठेही दिले तरी मजुरी तीच!

आज अशी पातळी कायद्याने ठरायची आहे. ठेक्यावरचा कामगार तेच काम करत असेल तर त्याला तोच पगार, हे कंत्राटी कामगारांच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांतच लिहिले होते. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात सांगितले. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत देशभरासाठी किमान मजुरीची पातळी ठरवण्याची तरतूद आहे. पण पातळी कशी ठरते ते पाहा. २०१९ मध्ये सरकारनेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने दिवसाला ३७५ रुपये सुचवले होते. त्याच वर्षी जाहीर झाले १७८ रुपये, म्हणजे आधीच्या १७६ वर दोन रुपये वाढ! एवढ्या खालच्या पातळीला जमीन म्हणत नाहीत, खड्डा म्हणतात.

तेव्हा मंडळी, नोकऱ्या इकडे याव्यात की तिकडे जाव्यात, या भांडणात मला फारसा रस नाही. काम कुठेही जावो, करणाऱ्याचे घर चालेल एवढे त्याला मिळते का, एवढेच मी विचारणार. तसे मिळणार असेल आणि त्यामुळे माझी गोळी, माझा सदरा, माझ्या नातवाचा फुगा चार पैशांनी महागणार असेल, तर महागू दे. सत्तरी उलटलेल्या पेन्शनरला महागाईची भीती तुमच्यापेक्षा जास्तच असते, तरीही हे म्हणतो. तुम्हाला पटत नसेल तर जरूर भांडा, पण "मार्केट रेट" हे दोन शब्द सोडून दुसरा काही मुद्दा आणा.