हलव्याचा काटा आणि वाणाचे ताट

पौष हा लोकव्यवहारात भाकड महिना मानला जातो. विवाहाचे मुहूर्त नसतात, नव्या वास्तूत पाऊल टाकण्याचे टाळले जाते. आणि याच महिन्यात मराठी घरातील स्वयंपाकघर वर्षातील सर्वांत कष्टाच्या कामांपैकी एक काम हाती घेते. सूर्याचे मकर राशीतील संक्रमण ही खगोलातील घटना आहे. दिवस मोठा होऊ लागण्याचा खरा क्षण २१-२२ डिसेंबरलाच येऊन गेलेला असतो आणि संक्रांतही १४ जानेवारीला कायमची बांधलेली नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, तो दिवस संक्रांतीचाच होता. साधारणपणे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने संक्रांत पुढे सरकत आली असून आता ती कधी १४, तर कधी १५ जानेवारीला येते. पंचांग असे सरकत राहिले, तरी भोगीची भाजी, तिळाची वडी आणि गुळाची पोळी यांचा क्रम मात्र कोणाला बदलावासा वाटला नाही.

गेल्या काही वर्षांत तो बदलतो आहे. शहरातील मध्यमवर्गीय घरांत संक्रांत आता पुडक्यातून येते. तिळाचे लाडू मिठाईच्या दुकानातून, गुळाच्या पोळ्या घरगुती पदार्थांच्या दुकानातून, हलवा कागदी पाकिटातून आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हा संदेश भ्रमणध्वनीवरील चित्रातून. यात पाप काही नाही. अनेक ठिकाणी महिला बचत गट जानेवारीत गुळाच्या पोळ्यांची मागणी पुरवतात आणि त्या चार पैशांवर कोणाच्या तरी मुलांचे शिक्षण चालते. तेव्हा विकतच्या पदार्थाला सरसकट नाक मुरडणे हे घरात स्वयंपाकाला माणूस ठेवणाऱ्यांनाच शोभेल. तथापि, सारेच विकत आल्यावर घरातून नेमके काय जाते, याचा विचार क्वचितच होतो.

भोगीच्या भाजीपासूनच पाहावे. पावटा, घेवडा, वालपापडी, ओला हरभरा, गाजर, वांगी, शेंगदाणे, कोठे उसाचे करवे तर कोठे बोरे, असे त्या आठवड्यात शेतात व मंडईत जे जे आले असेल ते एकत्र शिजते आणि वर तिळाचे कूट पडते. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाच्या डाळीची खिचडी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण आरोग्याचा पाठ म्हणून सांगितली जाते, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ही भाजी प्रथमतः हंगामाची नोंदवही आहे. कोणत्या शेंगेला कोणत्या महिन्यात दाणा भरतो हे ज्या मुलाला ठाऊक नाही, त्याला ते या एका पातेल्यातून कळते. कोवळा पावटा सोलायला बसलेले दहा वर्षांचे मूल तासाभरात शेतीविषयी जे शिकते, ते पाठ्यपुस्तकातील धड्याने साधत नाही. सुगडात घालावयाचा ऐवजही तोच: हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या लोंब्या, गाजर, बोरे, उसाचे तुकडे. कुंभाराच्या चाकावरचे मडके आणि शेतकऱ्याच्या बांधावरचा हरभरा देवापुढे एकत्र यावा, ही योजना ज्याने केली त्याला समाज कळला होता.

तिळाचेही असेच. खानदेश आणि विदर्भात तिळाचे पीक एके काळी घराघरांतून होते. सोयाबीन आणि कपाशीने त्याला बाजूस सारले. तिळाच्या दाण्यात निम्म्या वजनाइतके तेल असते, म्हणून थंडीत अंगाला तो मानवतो. आज बाजारात जो पांढराशुभ्र तीळ दिसतो तो टरफल काढलेला असतो, आणि तिळातील कॅल्शियमचा मोठा भाग त्या टरफलातच असतो. (तो सगळाच शरीराला लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, आपल्या खाद्यपरंपरेचे गोडवे गाताना अर्धेच शास्त्र सांगण्याची सवय फारशी चांगली नव्हे.) न सोललेला, किंचित मळकट दिसणारा तीळ निवडून, पाखडून, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजला की त्याचा जो वास घरभर दरवळतो, तो मात्र कोणत्याही पाकिटात भरता आलेला नाही.

गुळाच्या बाबतीत तर ग्राहकाने स्वतःकडे दोष घ्यावा अशी स्थिती आहे. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या भागातील गुऱ्हाळांत उसाचा रस उकळताना त्यातील मळी वर आणण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरण्याची जुनी रीत आहे. अशा गुळाचा रंग तांबूस-तपकिरी येतो. परंतु शहरी ग्राहकाला पिवळाधमक गूळ हवा असतो, आणि तो रंग आणण्यासाठी पुष्कळदा हायड्रोस नावाच्या रसायनाचा वापर होतो. रंगाचा हट्ट ग्राहकाचा, नाव मात्र गुऱ्हाळवाल्याचे खराब! संक्रांतीपूर्वी गूळ पारखून आणणे हे पूर्वी घरातील आजोबांचे काम असे. वडीसाठी चिक्कीचा गूळ वेगळा, पोळीसाठी साधा मऊ गूळ वेगळा. चिक्कीचा गूळ पोळीत घातला तर सारण दगडासारखे होते, हे ज्ञान एखादी पोळी फसल्यावाचून कोणाला मिळत नाही.

गुळाची पोळी ही तर सुगरणीची परीक्षाच. किसलेल्या गुळात भाजलेल्या तिळाचे व खसखशीचे कूट, खमंग भाजलेले बेसन, भाजून चुरलेले खोबरे आणि वेलदोडा. हे सारण दोन लाट्यांच्या मध्ये ठेवून असे लाटावे लागते की गूळ कडेपर्यंत पोहोचावा आणि तरी बाहेर येऊ नये. बाहेर आला की तव्यावर करपतो आणि पुढच्या तीन पोळ्या काळवंडतात. पहिली पोळी बहुधा फुटतेच. ती घरातल्याच कोणाच्या तरी ताटात जाते आणि पाहुण्यांसमोर अर्थातच तिचा उल्लेख होत नाही.

आणि हलवा! ज्या घरांतून हलवा करण्याची विद्या गेली, त्या घरांत ती परत येण्याची शक्यता आता फार थोडी. परातीखाली मंद निखारा, परातीत मूठभर तीळ किंवा खसखस, शेजारी दुधाने मळी काढलेला साखरेचा पाक. चमचाभर पाक घालावयाचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी दाणे हळुवार फिरवीत राहावयाचे. मग पुढचा चमचा. घाई करून पाक अधिक पडला की आलेला काटा विरघळतो आणि दाण्यांचे गोळे होतात. हवा ढगाळ असली तर काटा फुटतच नाही. म्हणून पहाटेच्या कोरड्या थंडीत, काही दिवस सलग, हे काम चाले. पाकाचा प्रत्येक पातळ थर सुकताना त्यातील साखरेचे स्फटिक दाण्याच्या उंचवट्यांवर अधिक धरतात, म्हणून काटा उमलतो. हे शास्त्र त्या स्त्रियांना कोणी शिकविले नव्हते. त्यांच्या बोटांना ते कळत होते आणि त्याच बोटांना चटकेही बसत होते. नववधूच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर शोभणारे हलव्याचे दागिने, तान्ह्या बाळाच्या बोरन्हाणासाठीचा मुकुट आणि बाजूबंद हे सारे त्या चटक्यांतून घडले. आज ते दागिने दुकानात भाड्यानेही मिळतात, छायाचित्र काढून झाले की परत केले जातात. साखरेचा दागिना खायचा नसतो, परत करावयाचा असतो, ही कल्पना मागील पिढीला विनोदी वाटली असती.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. घरच्या पदार्थांच्या लोपाविषयी हळहळणारे बहुतांश पुरुष असतात, आणि ते पदार्थ करणाऱ्या सर्व स्त्रिया असतात. ‘आमच्या आईच्या हातची गुळाची पोळी’ या वाक्यात आईच्या कंबरदुखीला जागा नसते. आज घरातील स्त्री आठ तास कार्यालयात काम करून, गर्दीच्या गाडीतून उभ्याने प्रवास करून घरी येते. तिने रात्री जागून शंभर वड्या थापाव्यात आणि कुटुंबाने संस्कृती टिकली म्हणून समाधान मानावे, हा हिशेब न्यायाचा नाही. संस्कृती टिकवावयाची असेल तर पाट-परात सर्वांनी धरली पाहिजे. तीळ भाजणे, दाण्याचे कूट करणे, गूळ किसणे, गरम वडी पोलपाटावर थापणे यांपैकी पुरुषाच्या हाताने न होणारे एकही काम नाही. शिबिरांतून शेकडोंचा स्वयंपाक लीलया करणारे कार्यकर्ते घरी आल्यावर पाणीसुद्धा मागून घेतात, हे कोडे अनेक गृहिणींना सुटलेले नाही. सर्वच पदार्थ घरी झाले पाहिजेत असेही नाही. पोळ्या बचत गटाकडून आणाव्यात, हलवा विकत घ्यावा, पण वडी तरी एका रविवारी साऱ्यांनी मिळून घरी करावी. अशा तडजोडीने सणाचे काही बिघडत नाही.

वाणाची कथा निराळी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते. हा अवधी काही वर्षी अकरा-बारा दिवसांचा, तर काही वर्षी महिनाभराचा असतो. वाण लुटावयाचे म्हणजे आपल्याजवळचे उदार हस्ते द्यावयाचे. प्रत्यक्षात प्रत्येक घरात प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, साबणदाण्या यांचा एक ढीग साठतो आणि पुढच्या वर्षी त्यातल्याच काही वस्तू दुसऱ्या दारी पोहोचतात. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली, तिने पिशव्या काहीशा कमी झाल्या असतील. वाणाच्या ताटाला तिची झळ पोहोचली नाही. सुगडे घडविणाऱ्या कुंभाराकडची पणती, गावच्या बुरुडाकडची लहान टोपली, कापडी पिशवी, मूठभर देशी वाणाचे बियाणे, एखादे छोटे पुस्तक, किंवा घरी केलेली चार तिळाच्या वड्यांची पुडी. देण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार महागही नाही.

शेजारच्या प्रांतांकडे पाहिले तर या देण्याचा मूळ हेतू अधिक स्पष्ट होतो. कर्नाटकात तीळ, गूळ, खोबरे, डाळे आणि शेंगदाणे यांचे ‘एळ्ळु-बेल्ल’ हे मिश्रण घरोघर वाटतात आणि ते खाऊन गोड बोला असेच सांगतात. गयेचा तिळकूट, पंजाबातील लोहडीची रेवडी, बंगाल-आसामातील पिठा, तामिळनाडूतील पोंगल यांची भाषा वेगळी असली तरी नवे धान्य आणि नवा गूळ एकट्याने खाऊ नये, ही समजूत सर्वत्र एक. संघाच्या सहा उत्सवांत मकर संक्रमणाला स्थान आहे ते याच कारणाने. शाखेत तिळगूळ देताना समोरच्याची जात, शिक्षण, पगार कोणी विचारत नाही.

मग त्याच स्वयंसेवकाच्या घरी चार दिवसांनी होणाऱ्या हळदीकुंकवात दारात उभ्या असलेल्या स्त्रीची वैवाहिक स्थिती का विचारात घेतली जाते? पती गेला म्हणून ज्या भगिनीच्या कपाळाला बोट लावले जात नाही, तिनेच अनेकदा त्या समारंभाचे तीळ भाजलेले असतात. धाकट्या जावेच्या पहिल्या संक्रांतीसाठी हलवा फुलविण्यात तिचीच बोटे भाजलेली असतात. समारंभ सुरू झाला की ती आतल्या खोलीत जाते. तिला कोणी ‘जा’ म्हणत नाही, ती आपणहून जाते, आणि घर सुटकेचा श्वास टाकते. घरी काम करणाऱ्या मावशींचेही तसेच. त्यांना तिळगूळ मिळतो, परंतु पुष्कळदा तो स्वयंपाकघराच्या दारात, पाटावर बसवून नव्हे.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि पुढचे आयुष्य स्त्रीशिक्षणाला वाहिले. त्यानंतर १२९ वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे हेरवाडचा आदर्श ठेवला. एका खेड्याने ग्रामसभेत जे धैर्य दाखविले ते सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत दिसू नये, याचे आश्चर्य वाटते. ‘ज्येष्ठांना आवडणार नाही’ हे कारण बहुधा पुढे केले जाते. ज्येष्ठांना खरोखर विचारले गेले आहे, अशी घरे किती? जेथे विचारले गेले तेथे काही आज्यांनी स्वतः उठून सुनेला कुंकू लावल्याची उदाहरणे गावोगावी आहेत. काही जणींना स्वतःलाच संकोच वाटतो. त्यांच्यावर बळजबरी नको. परंतु बोलावणे न करणे आणि बोलावूनही कोणी न येणे, यांत मोठे अंतर आहे.

यंदाच्या हळदीकुंकवाची आमंत्रणे बहुतेक घरांतून संक्रांतीनंतरच जातील. यादी करताना वरच्या मजल्यावरच्या काकू, पलीकडच्या गल्लीतील शिक्षिका, घरी काम करणाऱ्या मावशी ही नावे लिहावयाची की नाहीत आणि आतल्या खोलीत बसणाऱ्या आत्याबाईंच्या हाती पहिले वाण द्यावयाचे की नाही, हे त्या घरच्या सूनबाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी तिळाच्या वड्या थापता थापता ठरवून टाकावे. वडी पाडण्याइतका वेळ त्याला पुरेल. पाक गार झाला की सुरी चालत नाही.