फॉण्टचा काय दोष?

हिटलर म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? लाल झेंडे, स्वस्तिक आणि ती जाडजूड, टोकेरी जर्मन अक्षरं. सिनेमावाल्यांनी तर ठरवूनच टाकलंय, पाटीवर तसली अक्षरं दिसली की समजायचं, नाझी आले! आता गंमत ऐका. त्या अक्षरांवर बंदी कुणी घातली? नाझींनीच.

या वळणाचं नाव फ्राक्टूर. जर्मनीत सोळाव्या शतकापासून पुस्तकं त्यात छापली जात. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि हे वळण 'अस्सल जर्मन' म्हणून मिरवू लागलं. १९३७ मध्ये ज्यू प्रकाशकांना ते वापरायला मनाई झाली. का, तर ते आमचं! आणि ३ जानेवारी १९४१ ला मार्टिन बोरमानने परिपत्रक काढलं की ही अक्षरं मुळात ज्यूंची आहेत, यापुढे रोमन वळण वापरा. ज्या कागदावर हे टाइप झालं, त्याचा छापील मथळा मात्र जुन्याच वळणात!

ज्यूंचा दावा अर्थातच धादांत खोटा. अभ्यासकांच्या मते खरी अडचण वेगळी होती. तोवर अर्धा युरोप जर्मनीच्या टाचेखाली आला होता आणि तिथल्या लोकांना ही अक्षरं धड वाचता येत नव्हती. हुकूम वाचताच आला नाही तर पाळणार कसा?

यावर आपल्यातले हुशार लोक लगेच म्हणतील, "बघ, म्हणजे डिझाइन न्यूट्रलच असतं. चाकूने भाजी चिरा नाही तर गळा." हा चाकूचा दाखला आता पुरे झाला. चाकूला धार लावणारा कुणी तरी असतोच ना? आणि गिऱ्हाईक कोण आहे हे बहुतेक वेळा त्याला माहीत असतं.

हर्बर्ट बायरचंच घ्या. हा बाउहाउसचा मास्तर. १९२५ मध्ये त्याने कॅपिटल अक्षरांना फाटा देऊन साधी, सुटसुटीत 'युनिव्हर्सल' अक्षरं काढली. बाउहाउस १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली बंद पडलं. पण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी 'डॉइचलांड' नावाचं सरकारी प्रदर्शन भरलं, त्याची देखणी, एकदम मॉडर्न पुस्तिका केली ती याच बायरने. १९३८ मध्ये तो अमेरिकेला निघून गेला.

त्याच १९३८ साली बाउहाउसचा एक विद्यार्थी, फ्रान्झ एर्लिख, बुखेनवाल्डच्या छळछावणीत राजकीय कैदी होता. फाटकावरची अक्षरं तू काढ, असा त्याला एसएसचा हुकूम झाला. मजकूर होता 'ज्याचं त्याला'. एर्लिखने ती बाउहाउसच्या वळणात काढली. फाटकावर ती अशी बसवली की आतल्या कैद्यांना वाचता यावीत.

दोघंही एकाच शाळेतले, एकाच वळणाचे. पण एकाच्या डोक्यावर बंदूक होती, दुसऱ्याच्या हातात बिल. म्हणून 'हा फॉण्ट नाझी' म्हणणारे चुकतात, आणि 'आपण काय, फक्त डिझाइन करतो' म्हणणारे त्याहून जास्त चुकतात. काम कुणी सांगितलं, कशासाठी सांगितलं आणि मला नाही म्हणता येत होतं का, हे विचारायलाच हवं.

आपल्या धंद्यात तर रोजच विचारायला हवं. 'मान्य आहे' हे बटण मोठं, हिरवंगार आणि 'नको' हे बारीक, राखाडी... ही स्क्रीन कोण बनवतं? तुम्ही-आम्हीच ना? तिथे तर कुणी बंदूकही लावलेली नसते.