मेन्यूवरचे शब्द कोणाचे?

मराठी शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा एक मित्र भूमितीत सगळ्या वर्गाच्या पुढे असे. कंपासपेटीतला गुण्या पाटीवर ठेवून तो असा काही काटकोन काढी की गुरुजी इतर मुलांना ती पाटी दाखवीत. दहावीनंतर तो आदिलाबादेतील एका खासगी वर्गात कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्याचे काम, शिकू लागला आणि दोन महिन्यांत ते सोडून आला. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, "रेघ काढायला येते रे मला, पण ती कोणत्या शब्दामागे दडली आहे तेच सापडत नाही." आज तो एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी मोजतो.

'त्याचे इंग्रजी कच्चे होते' असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे निदान मान्य नाही. इंग्रजी कच्चे होते हे खरे. पण त्यामुळे आराखड्याचे काम सुटावे हे मात्र अटळ नव्हते.

कॅडमध्ये सर्वांत प्रसिद्ध असलेले ऑटोकॅड 1982 साली बाजारात आले. त्याच्या पडद्यावर आज्ञांची जी यादी दिसते तिला मेन्यू म्हणतात. पुष्कळांना वाटते की ही यादी म्हणजे दगडावरची रेघ. वास्तविक तसे मुळीच नाही. पूर्वी हा मेन्यू म्हणजे एक साधी लिखित फाईल असे. तिच्या प्रत्येक ओळीत आधी कंसात पडद्यावर दिसणारे नाव आणि त्यापुढे यंत्राने करायची आज्ञा, अशी जोडी असे. वापरणाऱ्याने कंसातले नाव बदलले तरी आज्ञेला धक्का लागत नसे. 2006 च्या आवृत्तीपासून याच कामासाठी एक स्वतंत्र खिडकी आली. नको असलेल्या आज्ञा काढाव्यात, लागणाऱ्या एकत्र आणाव्यात, चार आज्ञांची मिळून एक करावी, ही सगळी मुभा निर्मात्यांनीच दिलेली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जर्मन ऑटोकॅडमध्ये रेघेच्या आज्ञेचे नाव जर्मन आहे, कारण तेथील कारागिराने आपल्या भाषेत काम करावे हे निर्मात्यांना पटले. मात्र मूळ इंग्रजी आज्ञेआधी एक अधोरेषा टंकली, की ती आज्ञा कोणत्याही भाषेच्या आवृत्तीत चालते. याचा अर्थ असा की वरचे नाव बदलते, आतली आज्ञा तीच राहते. फ्रेंच, जपानी, कोरियन, रशियन अशा भाषांत हे ऑटोकॅड मिळते. मराठी, तेलुगू वा कन्नडमध्ये ते मिळत नाही. आपल्याकडून मागणी नाही म्हणून ते देत नाहीत आणि ते देत नाहीत म्हणून आपण मागत नाही, असे हे रहाटगाडगे चालले आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला या विषयात बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर आमच्याच टॅलीचे आहे. बंगळुरूच्या या हिशेबाच्या प्रणालीत 2006 पासून भारतीय भाषांची सोय आहे, आणि तिच्या स्वतःच्या आज्ञाभाषेत व्यापाऱ्याच्या गरजेप्रमाणे नवे मेन्यू बसवून देता येतात. कापसाच्या अडत्याला आपल्या सोयीचा मेन्यू मिळतो, तर लोखंडी दारे-खिडक्या बनविणाऱ्या कारखान्यातील आराखडेकाराला का मिळू नये? त्याच्या रोजच्या कामाला वीस-पंचवीस आज्ञा पुरतात. बाकीच्या शेकडो आज्ञांच्या गर्दीत रोज जो वेळ जातो तोही खर्चच आहे. फक्त तो कोणी वहीत मांडत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की मराठी मेन्यूवर शिकलेला मुलगा हैदराबादेत किंवा पुण्यात नोकरीला गेला की गोंधळेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. म्हणूनच माझे म्हणणे इंग्रजी नाव पुसावे असे नाही. मराठी नावाशेजारी ते राहू द्यावे. मुलगा आधी काम शिकेल आणि कामाबरोबर तो इंग्रजी शब्दही आपसूक शिकेल. दुसरा आक्षेप असा की प्रत्येकाने आपापला मेन्यू केला तर एकाच्या यंत्रावर दुसऱ्याला काम करता येणार नाही. हेही खरे. त्यासाठी शब्द सर्वांनी मिळून ठरवावे लागतील.

पण ते शब्द कोठून आणायचे? आपला जिल्हा निजामाच्या राज्यात असताना, 1917 साली हैदराबादेत भाषांतराचे एक खास खाते उघडले गेले आणि उस्मानिया विद्यापीठात अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकविली गेली. देशी भाषेत तंत्रविद्या शिकविता येते हे या मातीने तेव्हाच दाखवून दिले. मात्र तेथील पुष्कळ नवे शब्द अरबी-फारसीतून घडविलेले होते. ते सामान्य कारागिराच्या तोंडचे नव्हते. आपण संस्कृतातून तीच चूक करू नये. रेघ फक्त आडवी-उभीच निघावी अशी जी आज्ञा आहे, तिला 'गुण्या' म्हटले तर सुताराला, गवंड्याला आणि शाळकरी पोरालाही कळेल. 'छाटणे', 'आरसा', 'थर', 'कोपरा गोल' हे शब्द कोणाला शिकवावे लागतील? 'झूम' मात्र झूमच राहू द्यावा. तो आता आपलाच झाला आहे.

2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी, तेलुगू, कन्नडसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी दिली. पुस्तके आपल्या भाषेत आणि पडदा परभाषेत, असे अर्धे काम किती दिवस चालायचे? सुरुवात करायला पैसा लागत नाही. फ्रीकॅड ही प्रणाली फुकट मिळते. तिच्यात स्वतःच्या आज्ञांची पट्टी तयार करता येते आणि आपण घडविलेल्या आज्ञेला आपण हवे ते नाव देता येते. माझी सूचना एवढीच, की आपल्या महाविद्यालयातील मराठी आणि कन्नड विभागांनी मिळून या वर्षी पन्नास आज्ञांची यादी करावी. शब्द प्राध्यापकांच्या खोलीत बसून न ठरविता सुताराला, गवंड्याला, वेल्डरला विचारून ठरवावेत. आमच्या तेलुगू मित्रांनाही बरोबर घ्यावे.

ती यादी तयार झाली की तिची पहिली प्रत मी जिनिंगमध्ये नेऊन देणार आहे. गाठी मोजणाऱ्या त्या हातांना काटकोन अजून आठवत असेल.

— एक विद्यार्थी, वाणिज्य शाखा